लताबाईंची जागा

राजाराम शेंडे रोज सकाळी फिरायला निघण्याआधी कपाट उघडत. अमेरिकेत, ईडन प्रेरीतल्या लेकीच्या घरात खालच्या मजल्यावर त्यांची खोली होती. त्या खोलीच्या भिंतीतल्या कपाटात, वरच्या फळीवर, जाड रजयांच्या शेजारी एक काळा चौकोनी प्लास्टिकचा डबा होता. डब्यात त्यांच्या बायकोच्या, लताबाईंच्या अस्थी होत्या. राजारामजी टाचा उंचावून डब्यावर तळहात ठेवत, "येतो गं" म्हणत, कानटोपी चढवत आणि तळ्याभोवतीच्या वाटेनं चालू लागत. परत आले की पुन्हा कपाट उघडून "आलो" म्हणत. उभी हयात नागपूरच्या तारघरात गेलेली, त्यामुळे शब्द जपून वापरायची सवय हाडीमासी खिळलेली. लताबाई म्हणायच्या, "ह्यांच्याशी बोलायचं तर तार लिहून द्यावी लागते." त्या गेल्या तरी रोजची तार चुकत नव्हती.

डबा फळीवर राहिला होता, कारण लताबाईंनी जाताना एकच गोष्ट मागितली होती आणि राजारामजींना ती अजून जमली नव्हती. लताबाईंनी जागा मागितली होती.

दोघं अमेरिकेत आली ती लेकीच्या आग्रहानं. ज्ञानदा त्यांची एकुलती एक. नागपुरात इंजिनिअर झाली, मिनेसोटात पुढचं शिकली, तिथंच नोकरीला लागली. नवराही आपल्यातलाच, तिच्यासारखाच मेहनतीनं वर आलेला भेटला, सिद्धेश पाटील. शेंडे काय आणि पाटील काय, आडनावं अशी की ऐकणाऱ्याला काही थांग लागू नये. ज्ञानदाला ते सोयीचं पडत होतं. शनिवारी मराठी मंडळी कुणा ना कुणाच्या घरी जमायची, प्रत्येकीनं एकेक पदार्थ आणायचा, आणि जेवणं झाली की नवीन माणसाची गोड शब्दांत उलटतपासणी व्हायची. "नागपूरला कुठे हो काका?" कुणी विचारलं की राजारामजी म्हणायचे, "सदर." राहायचे ते इंदोऱ्यात, बौद्धांच्या वस्तीत. सदरला त्यांचं ऑफिस होतं, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. पण इंदोरा म्हटलं की नागपूरच्या माणसाला पुढचं काही विचारावं लागत नाही, आणि लेकीची नजर तेवढ्यात त्यांच्याकडे वळलेली असायची.

घरात खालच्या हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती. तिचं कुणाला काही वाटत नसे, कारण अमेरिकेत बुद्ध कुणाच्याही घरात असतो, मालिश करून देतात त्या दुकानातसुद्धा असतो. बाबासाहेबांचा फोटो मात्र वरच्या बेडरूममध्ये होता. लताबाईंनी आल्या आल्या विचारलं होतं, "बाबासाहेबांना वर काहून नेऊन बसवलं?"

"खाली जागाच नव्हती आई."

लताबाईंनी एवढ्या मोठ्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं आणि त्या भाजी निवडायला बसल्या. त्या गप्प बसल्या की समजावं, सगळं कळलं आहे.

एरवी गप्प बसणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या वर्षांनी आवाज असा कमावलेला की तीन खोल्या पलीकडच्या पेशंटनं घाबरून गोळी गिळावी. इंग्रजी येत नव्हतं तरी दुकानातल्या बायका त्यांना नावानं ओळखत. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्या आठ वर्षांच्या होत्या. गर्दीत हरवेल म्हणून वडिलांनी एवढ्या मोठ्या पोरीला खांद्यावर घेतलं होतं. अंगात नवं पांढरं पोलकं. खालचं काही दिसत नव्हतं, नुसती पांढरी डोकी, आणि सगळी एकदम बोलायला लागली तेव्हा वडिलांचे खांदे थरथरले, ते मांड्यांना जाणवलं, असं त्या सांगत.

दुसरी एक गोष्ट त्या क्वचितच सांगत. त्याच्या आदल्या वर्षी आजीच्या अस्थी घेऊन वडील एका घाटावर गेले होते, लता बोटाला धरलेली. भटजींनी त्यांना पायऱ्यांच्या अगदी कडेला, पाण्याच्या खालच्या अंगाला उभं केलं. मंत्र लांबूनच म्हटले. दक्षिणा जमिनीवर ठेवायला लावली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि मग उचलली. पुढच्या वर्षी दीक्षा घेतल्यावर वडिलांनी घरात सांगितलं, आता आपल्या कुणाला असं पाण्यात सोडायचं नाही. पिंड नाही, भटजी नाही, घाट नाही. लताबाईंनी ते आयुष्यभर पाळलं. सासू गेली, आई गेली, तेव्हा विहाराच्या आवारात झाड लावून त्याच्या मुळाशी अस्थी ठेवल्या आणि पुढं त्या झाडांना पाणी घालायला माणूस लावला.

ऑक्टोबरात पानं रंगली की इथली माणसं गाड्या काढून झाडं बघायला जातात. अशाच एका रविवारी ज्ञानदा आणि सिद्धेश दोघांना घेऊन दक्षिणेकडे गेले. मक्याची कापलेली शेतं, लाल कोठारं, मधे एखादं चर्च आणि पेट्रोल पंप, की पुन्हा शेतं. आणि अशा शेतांच्या मधोमध एक पडका दगडी मठ.

मठ मूळचा फ्रान्समधला, आठशे वर्षांचा. कुणा पिठाच्या गिरणीवाल्या धनाढ्यानं तो पडलेल्या अवस्थेत विकत घेतला, दगड सुटे करून पेट्यांत भरले, बोटीनं आणले आणि आपल्या शेतावर पुन्हा उभे करायला घेतले. भिंती झाल्या, कमानी झाल्या, आणि मंदी आली. गिरणीवाला बुडाला, छप्पर राहिलं ते राहिलंच. आता गावातली हौशी माणसं जागा सांभाळत. त्यांतली आर्लीन नावाची एक वयस्क बाई आल्यागेल्याला माहिती सांगत होती.

राजारामजी पाटी वाचत होते. वळून पाहतात तर लताबाईंनी फाटकाजवळ बूट काढून ठेवलेले, आणि नुसत्या मोज्यांनी त्या कमानीखालून आत चालल्या होत्या.

"अगं, गार आहे."

"मधे अंगण, भोवती खोल्या," लताबाई म्हणाल्या. "आपलं लेणंच की हो हे."

"ख्रिस्ती मठ आहे."

"क्रॉस दिसतो मला, आंधळी नाही झाली. पण राहत कोण होतं? घरदार सोडून आलेलीच ना? आणि दगडही बिचारे घरदार सोडून आलेले."

"आपल्यासारखे," राजारामजी म्हणाले, आणि आपण तीन शब्द बोलू शकलो असतो ते एकातच भागवलं म्हणून बायकोनं नेहमीसारखी थट्टा करावी याची वाट पाहिली. पण त्या एका कोठडीत शिरल्या होत्या. कोठडी म्हणजे चार हात लांब, वर आकाश, भिंतीला दगडी ओटा. त्या ओट्यावर त्या मांडी घालून बसल्या, हात जोडले आणि आपल्या त्या दवाखान्याच्या आवाजात त्रिशरण म्हणायला लागल्या. ज्ञानदानं पटकन मागं पाहिलं, ओळखीचं कुणी नाही ना. ओळखीचं कुणीच नव्हतं. आर्लीन मात्र आवाज ऐकून आली, दाराशी थांबली, आणि संपेपर्यंत टोपी हातात धरून उभी राहिली. मग तिनं स्वतःच्या गाडीतलं ब्लँकेट आणून लताबाईंच्या पायांवर घातलं. लताबाईंनी त्या बदल्यात तिचे सुजलेले घोटे दाबून पाहिले आणि मीठ कमी खा म्हणून अस्सल मराठीत झापलं. दोघी एकमेकींचा शब्द न कळता अर्धा थर्मास कॉफी प्यायल्या. निघताना लताबाई म्हणाल्या, "इथं आल्यापासून आज पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं हो."

त्या हिवाळ्यात त्यांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी स्वादुपिंडाचं नाव घेतलं तेव्हा ज्ञानदाला भाषांतर करावं लागलं नाही. नर्सला काय सांगायचं असतं? फेब्रुवारीत, बाहेर बर्फ साठलेला असताना, त्यांनी नवऱ्याला जवळ बोलावलं.

"मला पाण्यात सोडू नका."

"नाही."

"नागपूरला नेण्याची यातायात नको. ज्ञानू इथंच राहणार. त्या बिनछपराच्या मठात ठेवा, झाडाखाली. येत जाईल ती भेटायला."

"ठेवतो."

"शब्द?"

"शब्द," राजारामजी म्हणाले.

दहनानंतर डबा हातात मिळाला तेव्हा त्यांचे हात खाली गेले होते, इतका तो जड होता. एवढीशी बाई, आणि शेवटी एवढं वजन. सिद्धेश घ्यायला पुढं आला, पण त्यांनी दिला नाही. गाडीत मांडीवर ठेवून आणला आणि स्वतः फळीवर ठेवला.

मग जागेसाठी खटपट सुरू झाली. परवानगी द्यायची ती मठाच्या समितीनं. समितीतल्या कुणाला वाटलं, आज एकाला हो म्हटलं तर उद्या इथं स्मशान होईल. कुणी म्हणे ही माणसं ख्रिस्ती नाहीत. आर्लीन प्रत्येक बैठकीत उठून भांडायची आणि नंतर फोन करून ज्ञानदाला सांगायची की अजून जमलेलं नाही, पण मी सोडणार नाही. उन्हाळा गेला. पानं पुन्हा रंगली, गळली. राजारामजी रोज फळीवर हात ठेवून "थांब जरा" एवढा जादा शब्द खर्च करू लागले.

दिवाळीला ज्ञानदाकडे सगळी मंडळी होती. थंडी पडलेली, कोट ठेवायला राजारामजींच्या खोलीतलं कपाट उघडलं गेलं. ज्ञानदाची मैत्रीण नीलांबरी, तिच्या सासूबाई शैलजाकाकू नाशिकहून आल्या होत्या. कोट ठेवता ठेवता त्यांचं लक्ष डब्याकडे गेलं. राजारामजी दारातच होते.

"हे काय गं ज्ञानदा?"

"आईच्या अस्थी आहेत काकू."

"अगंबाई! अजून घरात? असं नाही गं ठेवायचं. जीव घोटाळत राहतो माणसाचा." काकूंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "काका, अहो मला सांगायचं नाही का?"

आमच्यात असं नसतं, एवढं राजारामजींना म्हणायचं होतं. त्यांनी ज्ञानदाकडे पाहिलं, ज्ञानदानं जमिनीकडे. मग ते करंज्यांचं ताट घेऊन बाहेर गेले, जणू करंज्यांवाचून कुणाचा जीव जात होता.

एप्रिलच्या शेवटी आर्लीनचा फोन आला. समितीनं हो म्हटलं होतं. पाटी नाही, दगड नाही, एक झाड लावायचं आणि त्याच्या मुळाशी अस्थी घालायच्या. जमीन आता मऊ झाली आहे, या. राजारामजींनी ते ऐकलं आणि चक्क लेकीचा हात धरून हलवला. "जमलं," म्हणाले. "ज्ञानू, जमलं!" ज्ञानदा फोन हातात धरून तशीच उभी होती. आईच्या आठवणीनं असेल, असं त्यांना वाटलं.

मेमधल्या शनिवारी दोघंच निघाली. राजारामजींनी पांढरा सदरा घातला होता. पिशवीत मेणबत्ती, उदबत्ती, आणि लताबाईंची विहारात जायची पांढरी साडी, उगीच, सोबत असावी म्हणून. ते कपाटाकडे वळले तर ज्ञानदा आधीच डबा घेऊन गाडीकडे गेलेली. मागच्या सीटवर तिनं तो पट्टा लावून बसवला होता.

"मांडीवर घेतो."

"नको बाबा, लांबचा ड्राइव्ह आहे. अवघडाल."

वाटेत ती रस्त्यावर नजर ठेवून गाडी चालवत होती. राजारामजींना मात्र कधी नव्हे ते बोलायला सुचत होतं. मक्याची कोवळी पाती ओळीनं वर आली होती ती त्यांनी दाखवली. लताबाईंनी आर्लीनला मिठावरून कसं झापलं होतं, ते सांगून स्वतःच हसले. झाड कोणतं लावणार असेल, असं दोनदा विचारलं. दोन वेळा ज्ञानदानं गाडी बाजूला घ्यायला म्हणून दिवा लावला, आणि दोन्ही वेळा बंद करून पुढं चालवत राहिली.

मठापाशी गाडी थांबली. राजारामजी उतरले, मागचं दार उघडलं, पट्टा सोडला आणि दोन्ही हात डब्याखाली घालून जोर लावला. डबा झटक्यात वर आला. ते मागं तोल जाऊन गाडीवर आदळले.

डबा हलका होता.

त्यांनी तो हलवून पाहिला. खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग लेकीकडे पाहिलं. ज्ञानदा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"ज्ञानू. आई कुठं आहे?"

"बाबा, मी सांगणार होते. रोज सांगणार होते."

"आई कुठं आहे?"

"शैलजाकाकू घेऊन गेल्या. डिसेंबरमध्ये, इंडियाला जाताना. त्यांच्या मिस्टरांचं वर्षश्राद्ध करणार होत्या नाशिकला, म्हणाल्या त्यातच करते. रोज फोन करायच्या बाबा. मला नाही म्हणता आलं नाही. तुम्ही फिरायला गेला होतात. आतली पिशवी त्यांनी तांब्यात घेतली, डबा नको म्हणाल्या."

राजारामजी गाडीच्या उघड्या दारात बसले. डिसेंबर. म्हणजे सगळा हिवाळा, सगळा बर्फ, रोज सकाळी टाचा उंचावून ते रिकाम्या प्लास्टिकला "येतो गं" सांगत होते.

"पाण्यात सोडलं तिला?"

"रामकुंडात."

"भटजींच्या हातून?"

ज्ञानदानं तेही सांगून टाकलं, कारण आता लपवून काय राहणार होतं, "त्यांनी फोन करून सांगितलं, सगळं छान झालं. गुरुजींनी गोत्र विचारलं, तर तुमचं माहीत नव्हतं म्हणून आमचंच सांगितलं, म्हणाल्या. किती प्रेमानं सांगत होत्या बाबा. मी थँक यू म्हटलं."

बापाला आयुष्यात कधी लेकीवर हात उगारावासा वाटला नव्हता. त्या क्षणी वाटला. हात मात्र उठला नाही, डबा धरून राहिला. लता, आठ वर्षांची, पांढऱ्या पोलक्यातली, बापाच्या खांद्यावर बसलेली. आयुष्यभर जपलेली एक गोष्ट. दुसऱ्याचं गोत्र लावून घाटावरून सोडून दिली.

"एवढंच सांगायचं होतंस," ते म्हणाले, "आमच्यात पाण्यात सोडत नाहीत. एवढंच."

"मग त्यांनी विचारलं असतं, तुमच्यात म्हणजे कोणात?" ज्ञानदा रडत होती, पण आवाज स्पष्ट होता. "दहा वर्षं मी तो प्रश्न टाळतेय बाबा. तुम्हीसुद्धा सदर सांगता."

राजारामजी डबा उचलून उभे राहिले. 

तेवढ्यात आर्लीन फाटकातून हात हलवत आली. आज तिनं रोजच्या कपड्यांवर ठेवणीतला कोट घातला होता. तिनं ज्ञानदाचे डोळे पाहिले, तिला पोटाशी धरलं, आणि राजारामजींच्या हातातल्या डब्याकडे पाहून मान लववली. तिला वाटलं ते साहजिकच होतं. तिच्या मागून चालत जाण्यावाचून दोघांना गत्यंतर नव्हतं.

फाटकाशी राजारामजींनी बूट काढले. ज्ञानदानंही काढले. त्या कोठडीच्या भिंतीला लागूनच बाहेर आर्लीननं खड्डा खणून ठेवला होता, कडा हातानं सारख्या केलेल्या. शेजारी बादलीत ओकचं रोप. वीतभर उंचीचं, नुकती पानं फुटलेली. हे तुमचं खाजगी आहे, असं काहीतरी हलक्या आवाजात म्हणून ती पाठ करून शेताकडे तोंड करून उभी राहिली. वर्षभर जिच्यासाठी ती समितीशी भांडली होती, तिला निरोप द्यायला ती आली होती.

राजारामजी गुडघ्यांवर बसले. मेणबत्ती लावली, वाऱ्यानं विझली, पुन्हा लावली नाही. त्यांनी झाकण काढलं. आत काहीच नव्हतं, बोट फिरवलं तरी बोटाला काही लागलं नाही. त्यांनी डबा खड्ड्यावर तिरका केला आणि जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ तसाच धरून ठेवला. ज्ञानदानं तोंडावर ओढणीचा बोळा दाबला. मग त्यांनी झाकण लावलं, रोप खड्ड्यात उभं केलं आणि हातांनी माती लोटली.

आर्लीन वळली. तिचे डोळे लाल झाले होते. झारीनं पाणी घालता घालता ती राजारामजींना म्हणाली, आता ती घरी पोचली.

नाही, हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला. ती इथं नाही, बाई. पण मग कुठं आहे ते सांगावं लागलं असतं. कुणी नेली, का नेली, लेकीला नाही का म्हणता आलं नाही, पाण्याचं एवढं काय, आणि तुम्ही म्हणजे नेमके कोण. कुठून सुरुवात करायची, आणि कोणत्या इंग्रजीत? समोर ती सुजलेल्या घोट्यांची म्हातारी प्रेमानं त्यांच्याकडे पाहत होती.

"येस," राजारामजी म्हणाले. "थँक यू."

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना ज्ञानदा दिसली, डिसेंबरातल्या त्या सकाळी शैलजाकाकूंच्या ओल्या डोळ्यांसमोर उभी, हातात डबा. असंच झालं असणार. अगदी असंच. आता त्यांना सगळं समजलं, आणि समजल्यानं दुखणं तसूभरही कमी झालं नाही. उलट आता रागवायलाही कुणी उरलं नव्हतं.

आर्लीन कॉफी आणायला गेली. पलीकडच्या कमानीत एक कुटुंब फोटो काढत होतं. राजारामजी मातीच्या हातांनी तसेच बसून राहिले.

"ज्ञानू," थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्रिशरण म्हण."

ती त्यांच्या शेजारी बसली. हात जोडले, कमानीकडे एकदा पाहिलं, आणि पुटपुटायला लागली.

"मोठ्यानं."

तिनं आवाज थोडा चढवला.

"अजून मोठ्यानं, बाळा. आई इथं नाही. तिला लांबून ऐकायचं आहे."

ज्ञानदानं डोळे मिटले. पोटातून आवाज काढला, तो आईच्या आवाजासारखा निघाला आणि तिचा तिलाच धक्का बसला असावा, कारण मधेच तो फाटला. राजारामजींनी पुढचे शब्द उचलले, तिनं पुन्हा धरले. फोटो काढणारी माणसं थांबून पाहू लागली. वर छप्पर नव्हतं, आवाज अडवायला काही नव्हतं. तिसऱ्यांदा म्हणून झालं तेव्हा दोघं थांबली. तारघरात तार गेली की पलीकडून पोचल्याची खूण यायची, आणि ती आल्याशिवाय राजारामजी कधी खुर्चीवरून उठले नव्हते. ते मान तिरकी करून ऐकत राहिले. शेतांवरून वारा येत होता. खूण आली नाही, आणि ते उठलेही नाहीत.